आठ गोण्यांचा उपासकाळ

कपाळावर राख घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरताना यंदा मला कठड्याला धरावं लागलं. मागून येणारी एक तरुण बाई थांबली. 'आंटी, हात देऊ का?' म्हणाली. मी नको म्हटलं. नको म्हणायलाही आता दम लागतो.

राखेच्या बुधवारी आमचा उपासकाळ सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. या सहा आठवड्यांत वसईची हवा हळूहळू सुकत जाते. पहाटेचा गारवा अजून असतो, पण दुपारी टिकत नाही. आंब्याचा मोहोर अर्धा झाडावर आणि अर्धा पायाखाली असतो. वालाच्या शेंगा वेलीवरच वाजायला लागतात. आणि दुपारी तीनच्या सुमारास खाडीकडून एक खारट वारा सुटतो, तो ओठांवर बसतो. बाकीच्यांना या दिवसांत शुक्रवारची क्रूसाच्या वाटेची प्रार्थना आठवते, मटणाविना काढलेले रविवार आठवतात. मला वसईजवळच्या वालीवची एक पत्र्याची शेड आठवते आणि तिच्यातलं एक विमान आठवतं. ते कधी विमान झालंच नाही. चाळीस वर्षं होऊन गेली. आठवायचाही आता कंटाळा येतो, पण वारा काही विचारून सुटत नाही.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. वालीवला तेव्हा आजच्यासारखी गर्दी नव्हती. बाभळी, धूळ, मधूनच एखादी शेड, तिच्यात एखादं लेथ, आणि शेडीच्या सावलीत रवंथ करणाऱ्या म्हशी. त्या शेडींपैकी एक करंदीकर सरांची. सर मुंबईतली चांगली नोकरी सोडून आलेले. घरचे, दारचे सगळे त्यांना वेडा म्हणत, आणि ते स्वतःही कधीमधी हसत हसत तेच म्हणत. मी त्यांच्याकडे ट्रेसर होते. ते पेन्सिलीने काढत, मी शाईने गिरवत असे. टायपिंग माझ्याकडे, चाचण्यांची नोंदवहीही माझ्याकडे. माझे बाबा तिथेच फर्मे करत. बाबा जातीचे सुतार. आमच्या चर्चमधली अर्धी बाकं त्यांच्या हातची. सरांना जो भाग धातूत ओतून घ्यायचा असे, तो आधी बाबा सागवानात कोरून देत. शिवाय लेथवर आणि वेल्डिंगला मिळून तिघे होते.

काम होतं उभ्याने उडणाऱ्या विमानाचं. म्हणजे लढाऊ विमान, पण त्याला धावपट्टी नको. जहाजाच्या डेकवरून, शेतातून, रस्त्याच्या तुकड्यावरून सरळ वर उठेल आणि तसंच सरळ खाली बसेल. बाहेरच्या देशांत अशी विमानं उडत होती. आपल्याकडेही व्हावं म्हणून एका सरकारी प्रयोगशाळेने कामाचे लहान लहान तुकडे बाहेर करायला दिले होते. त्यातला एक तुकडा सरांच्या वाट्याला आला होता. विमान जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं तेव्हा काय होतं, ते शोधायचं आणि त्यावर उपाय काढायचा. एवढंच.

'वर गेल्यावर सगळं सोपं आहे, ॲग्नेस,' सर म्हणायचे. 'पहिली वीतच अवघड.'

ते मला समजवायला त्यांनी एकदा अंगणातल्या नळाला रबरी नळी लावली आणि पाण्याची धार सरळ फरशीवर सोडली. पाणी फरशीवर आपटून चारी बाजूंना पसरलं. 'हवेचंही असंच. नोझलमधून खाली आपटते आणि पसरते. पसरताना पोटाखालची हवा ओढून नेते. मग पोटाखाली काही उरत नाही आणि विमान खाली खेचलं जातं. जी हवा उचलायला सोडली, तीच पाय ओढते.' मग त्यांनी दुसरी धार पहिलीच्या शेजारी सोडली. दोन्हींचं पाणी मध्ये एकमेकांवर आदळलं आणि तिथे एक छोटा फवारा उभा राहिला. सर त्या फवाऱ्याकडे असे बघत होते, जसं एखादं माणूस पाळण्यातल्या मुलाकडे बघतं. 'हा जो वर येतोय ना, हा फुकट जातो. याला पोटाखाली पकडायचं. पोटाला पट्ट्या लावून एक उपडा डबा करायचा, मग हाच उचलायला मदत करेल.'

मला तेव्हा चोविसावं होतं. मला ते समजलं, याचाच मला फार अभिमान वाटला.

शेडीत एक चौकोनी लोखंडी तराफा होता. चार कोपऱ्यांना चार खांब, त्यांच्या आधाराने तो फक्त वर-खाली सरके, इकडे-तिकडे जात नसे. त्याच्या खाली चार नोझल. बाहेर ट्रकच्या जुन्या डिझेल इंजिनावर एक मोठा ब्लोअर बसवलेला, त्याची हवा जाड कॅनव्हासच्या नळीतून तराफ्याला येई. इंजिन चालू झालं की शेजारच्या शेडीतली माणसं कानात बोटं घालत आणि म्हशी उठून चालू लागत. तराफ्यावर एकशे साठ किलो वजन ठेवून तो वीतभर उचलून दाखवायचा, असं प्रयोगशाळेशी ठरलं होतं. ते जमलं तर काम पुढे एक वर्ष चालणार, मोठा तराफा मिळणार, खरं इंजिन मिळणार. नाही जमलं तर फाईल बंद. त्यासाठी ते लोक स्वतः बघायला येणार होते, नेमके ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी. सरांना तो गुरुवार कसला ते ठाऊक नव्हतं. प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा, असं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, 'मग तुझ्या देवालाही बोलाव बघायला.'

वजनासाठी लोखंडी चकत्या मागवल्या होत्या, त्या येईनात. आज येतील, उद्या येतील करत जानेवारी संपला. वाळूच्या गोण्या ठेवू, असं वेल्डर म्हणाला. सर म्हणाले, नको, हवेच्या झोताने वाळू उडेल, ब्लोअरमध्ये जाईल, पाती खाऊन टाकेल. तेव्हा मी बोलले. मीठ ठेवू या, म्हणाले. आमच्याकडच्या मिठागराचं मीठ जाड, खड्यांचं. उडणार नाही. गोणी फाटून सांडलंच तर पाण्याने धुऊन जाईल, पात्यांना ओरखडा नाही. सरांनी माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि टेबलावर थाप मारली. 'शाब्बास! इंजिनियरला सुचलं नाही, ते तुला सुचलं.'

ती शाब्बासकी मी घरी घेऊन गेले. जेवताना सांगितली. बाबा मात्र भाकरी मोडता मोडता थांबले.

'बाय, लोखंडाच्या बाजूला मीठ? गंजून जाईल ना सगळं.'

'मग तुम्ही खाली फळ्या टाका.'

बाबांनी टाकल्या. नुसत्या टाकल्या नाहीत. त्यांच्या हातून कुठलं काम नुसतं होतच नसे. तराफ्यावर त्यांनी सागवानी फळ्यांची एक चौकट केली, फळ्यांमध्ये बोटभर फट सोडली, म्हणजे मिठाला पाणी सुटलं तर ते खाली गळून जाईल, लोखंडावर साचणार नाही. नायगावच्या आगरातून हरीमामांनी बैलगाडीतून मीठ आणून दिलं. हरी म्हात्रे बाबांचे जुने दोस्त, मिठागरावरच जन्म गेलेला. मीठ ताजं होतं, नुकतंच वाफ्यातून ओढून काढलेलं. काट्यापाशी मी स्वतः उभी राहिले. वीस-वीस किलोच्या आठ गोण्या भरून घेतल्या आणि प्रत्येक गोणीवर निळ्या रंगाने ठसठशीत '२०' लिहिलं. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चर्चच्या आवारात कुणीतरी म्हणालंच, 'काय गो ॲग्नेस, मिठाचं विमान बनवता म्हणे? पावसाळ्यात विरघळेल हां.' शुक्रवारी आम्ही मांसमच्छी सोडतो म्हटल्यावर सर म्हणाले, आमच्या घरी बाराही महिने उपासकाळ. असे दिवस होते. थकवा कसला तो माहीत नव्हता.

पहिला आठवडा तराफा हलला नाही. इंजिन पूर्ण ताकदीने गुरगुरत राही, शेडीचे पत्रे थडथडत, तराफा मलेरिया झाल्यासारखा थरथरे, पण खालची जागा सोडत नसे. एक गोणी उतरवली, सातवर आणला, की उठे. आठवी ठेवली की बसे. रोज दुपारी तीनला चाचणी, कारण तेव्हा शेजारच्यांची चहाची सुट्टी आणि आवाजाची कुरकुर कमी. मी स्टूलवर बसून वहीत लिहीत असे: गोण्या आठ, उचल नाही. गोण्या आठ, उचल नाही. तिसऱ्या आठवड्यात सरांनी तराफ्याच्या पोटाला पट्ट्या बसवल्या. तरी नाही. सरांचा चेहरा त्या दिवसांत मला बघवत नसे. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, डबा पाठवत तो तसाच परत जाई. एकदा ते तराफ्याच्या कडेला जमिनीवरच बसून राहिले आणि मला म्हणाले, 'सेहेचाळीस वर्षांचा झालो. ही एकच गोष्ट करावीशी वाटली.' मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?

आणि चौथ्या आठवड्यात मंगळवारी तो उठला.

सरांनी सकाळीच पट्ट्यांचा कोन जरासा बदलला होता. तीन वाजता इंजिन चढलं, तराफा थरथरला, आणि मग तो थरथरायचा थांबला. तो थांबला म्हणून आधी वाटलं की इंजिनच बंद पडलं. खाली वाकून बघितलं तर चार बोटं प्रकाश दिसत होता. तराफ्याखालून पलीकडची भिंत दिसत होती. वेल्डरने टोपी फेकली. बाबांनी क्रूसाची खूण केली. सरांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लिहिलं: गोण्या आठ, उचल चार बोटं. मग खोडून सेंटीमीटरमध्ये लिहिलं.

त्यानंतर रोज जरा जरा जास्त. सर रोज पट्ट्यांना काहीतरी करत आणि तराफा रोज त्यांचं ऐके. दाढी झाली. डबा रिकामा परत जाऊ लागला. ते शीळ घालत, बेसूर. कपात चहा उरला तर बाभळीला घालत आणि म्हणत, तूही घे. माणूस आनंदात इतका साधा दिसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आज इतकी वर्षं झाली, पण त्या दहा-बारा दिवसांतले सर मला अजून तसेच दिसतात.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या शुक्रवारी हरीमामा शेडीवर आले. मीठ ओढायच्या फावड्याचा दांडा मोडला होता, तो बाबांकडून बसवून घ्यायचा होता. बाबा रंधा मारत होते तोवर मामा सहज तराफ्याजवळ गेले. गोणीचं तोंड चिमटीत धरून बघितलं.

'या गोनी कवा भरल्या गो?'

'तुम्ही आणलंत तेव्हाच, मामा.'

'मंग परत नाय मोजल्या?'

'का?'

मामा हसले. त्यांना खरंच गंमत वाटली होती. 'अगो पोरी, मीठ म्हंजे काय लोखंड हाय? त्याचं पानी गलून जातं. व्यापारी पन घट धरूनच माल उचलतो. बग, गोनी किती ढिली झाली. आनि तुज्या बापानं खाली फटी ठेवल्यान, मंग काय, झकास सुकलं.'

मामा दांडा घेऊन गेले. बाबांच्या कानावर ते पडलं नव्हतं, रंध्याचा आवाज होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाभळीखाली गेल्यावर मी एक गोणी ओढत काट्यावर नेली. निळ्या रंगाने वीस लिहिलेली गोणी एकोणीससुद्धा नव्हती. मग दुसरी. मग आठही. एकूण साडेनऊ किलो कमी. तराफ्याखाली फरशीवर पांढरे ओघळ होते. ते रोज सकाळी धुतले जात होते, रोज मी ते बघत होते, आणि रोज वहीत आठ लिहीत होते.

सगळं मिठाच्या राशीत वाढलेलं आमचं गाव. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी त्याच्याकडे वजन म्हणून बघितलं आणि ते मीठ आहे हे विसरले. चूक इतकी साधी होती, की कुणाला सांगायचीही लाज वाटावी.

गोण्या मी पुन्हा जागेवर ठेवल्या. त्या दिवशी तीनला चाचणी झाली. मी आठ लिहिलं. शनिवारीही आठ लिहिलं. हे लिहिताना मला काय वाटत होतं, ते सांगते. मला वाटत होतं की हा माणूस खूश आहे. गुरुवारी लोक येतील, गोण्या मोजतील, तराफा उठलेला बघतील आणि जातील. त्या पुन्हा काट्यावर कोण घालणार? पुढे वर्ष मिळेल. बाबांची नोकरी राहील, माझी राहील. आणि माझी चूक कुणाला कळणार नाही. हे शेवटचं मी सगळ्यात खाली ठेवत होते, पण ते वर वर येत होतं.

रविवारी हातात झावळी घेऊन मिरवणुकीत चालले. शेजारणी गात होत्या, मी मनात किलोंची बेरीज करत होते. सोमवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये कुमसार होते. पवित्र आठवड्यात सगळं गाव आपापली पापं सांगून मोकळं होतं. बाहेरून आलेल्या नव्या लोकांना कुमसार म्हणजे काय ते सांगावं लागतं, आम्हाला ते दुधाबरोबर मिळतं. त्या दिवशी सर लवकर जा म्हणाले होते. चारलाच येऊन मी रांगेत उभी राहिले. मूर्ती उपासकाळाच्या जांभळ्या कपड्यांनी झाकलेल्या होत्या. पुढे चौदा-पंधरा बाया. आईवर ओरडले, हेवा केला, प्रार्थना चुकवली, अशी मी मनात यादी लावत होते. ती यादी लावता लावता मला माझाच कंटाळा आला. जे सांगायला हवं ते इथे सांगून काय उपयोग? फादर तीन प्रार्थना म्हणायला सांगतील आणि गुरुवारी तराफा उठेल. मी रांगेतून बाहेर पडले आणि एसटी धरून वालीवला परत गेले.

सर एकटेच होते. तराफा फडक्याने पुसत होते, लग्नाआधी घर पुसावं तसे.

'सर, गोण्या वीसच्या नाहीत.'

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. मामांचं, काट्याचं, साडेनऊ किलोचं. शुक्रवारपासून मला ठाऊक होतं, हेही सांगितलं. मीठ माझीच कल्पना होती हे ते विसरले असतील असं वाटून तेही सांगितलं. ते ऐकत राहिले. फडकं हातातच होतं.

'किती? साडेनऊ?'

'हो.'

'म्हणजे पट्ट्यांनी नाही उचललं.'

त्यांनी फडकं तराफ्यावर ठेवलं.

'तू जा घरी,' ते म्हणाले. 'उद्या बघू.'

मंगळवारी त्यांनी गोण्या उघडून वीस-वीस किलो भरून घेतल्या. इंजिन चढलं. तराफा थरथरत राहिला. मग त्यांनी पट्ट्या काढून, पट्ट्या लावून, मीठ वाटीवाटीने कमी करून दिवसभर मोजलं. पट्ट्यांनी उचल वाढत होती, पण दोन किलोने. आठ किलो कमी पडत होते. संध्याकाळी ते टेबलाशी बसले आणि मला म्हणाले, प्रयोगशाळेला पत्र लिहायचंय, कागद लाव. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. आधीच्या नोंदींमध्ये वजनाची चूक होती. उचल अपुरी आहे. दोन किलोचा फरक मात्र खरा आहे आणि त्यावर काम करण्याजोगं आहे. चूक कुणाची, ते त्यांनी घातलं नाही. 'आमच्याकडून' एवढंच लिहिलं. सही करून त्यांनी पेनला टोपण लावलं, ते दोनदा घसरलं.

बुधवारी सकाळी त्यांनी तारही केली. गुरुवारी कुणी आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर फाईल बंद झाल्याचं पत्र आलं. तोवर अशी विमानं बाहेरूनच तयार आणायचं ठरल्याचं वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं. आमच्या दोन किलोंची गरज कुणालाच नव्हती. शेडीत काही दिवस पंपाचे भाग झाले, मग शेड दुसऱ्याची झाली. बाबा दारं-खिडक्या करायला लागले. मला वसईत कोर्टाजवळ टायपिंगचं काम मिळालं आणि त्यातच पुढची सगळी वर्षं गेली. बाबा मला कधी रागावले नाहीत. एकदाच, मोहोर झाडत असताना म्हणाले, 'बाय, तू केलंस ते बरोबर केलंस. पण मला विचारलं असतंस, तर मी सांग म्हटलं नसतं.'

सर बोळिंजला राहायला गेले होते. चार-पाच वर्षांनी, अशाच उपासकाळात, मी त्यांना भेटायला गेले. मुंबईच्या समुद्रावर नौदलाने ती विमानं लोकांना उडवून दाखवली होती आणि सर मुद्दाम जाऊन बघून आले होते, असं कुणाकडून तरी कळलं होतं. घर लहान होतं. काकूंनी दार उघडलं, चहा टाकायला आत गेल्या. सर खिडकीजवळ खुर्चीत होते, पायांवर शाल. पन्नाशीत माणूस इतका म्हातारा होऊ नये.

'पाण्यावर उभं राहिलं होतं,' ते म्हणाले. 'हलत नव्हतं. मी दुर्बीण नेली होती, पोट बघायला.' मग माझ्याकडे वळले. 'पट्ट्या आहेत, ॲग्नेस. लांबट, दोन्ही बाजूंना. पुढून बंद करता येतात. आपल्याला पुढून बंद करायचं सुचलं नव्हतं. ते सुचलं असतं, तर ते आठ किलो आले असते.'

'तुम्ही बरोबर होतात, सर.'

'हो ना. बरोबर होतो.' ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक नवी इमारत चढत होती. 'तुझ्यावर राग नव्हता हं माझा. कधीच नव्हता. पण एक गोष्ट विचारायची राहिली. तू शुक्रवार, शनिवार, रविवार थांबलीस. आणखी तीन दिवस थांबायला काय झालं होतं?'

त्यांच्या पायांवरची शाल घसरली होती, ती मी वर ओढली.

'त्यांनी गुरुवारी बघितलं असतं, वर्ष दिलं असतं. वर्षात मी ते आठ किलो काढले असते. खोटं राहिलंच नसतं ते. फक्त आधी दाखवलं असतं आणि मागून खरं केलं असतं.'

मला बोलता आलं असतं. सोमवारी संध्याकाळी मी सांगितलं, पण मंगळवार तुमचा होता, सर. गोण्या तुम्ही उघडल्यात. पत्र तुम्ही सांगितलंत, सही तुमची. थांबायचं असतं तर तुम्हालाही दोनच दिवस थांबायचं होतं, आणि मी तोंड उघडलं नसतं. तुम्हाला थांबता आलं नाही, कारण तुम्ही तसे नव्हतात. मीही नव्हते. एवढंच तर झालं आपलं.

हे सगळं जिभेवर होतं. पण समोर बसलेला माणूस फार दमलेला होता. त्या पत्राचं ओझं त्याने पाच वर्षं एकट्याने वाहिलं होतं आणि आता ते क्षणभर कुणाच्या तरी मांडीवर ठेवायला तो जागा शोधत होता. मी समोरच बसले होते.

'चुकलं माझं, सर,' मी म्हटलं. 'थांबायला हवं होतं.'

असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे सैल पडले, डोकं खुर्चीला टेकलं.

'असू दे गं,' ते म्हणाले. 'लहान होतीस तू.'

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. 'अगंबाई, झोपले?' त्या हळूच म्हणाल्या. 'दुपारचे कधी झोपत नाहीत.' मी त्यांना हाताने थांबवलं. कप खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून आम्ही दोघींनी ते हातातच धरले आणि चहा तसाच उभ्या उभ्या प्यायलो.